झाली कॉपी!

खोटी ठरण्यासाठीच जन्माला आलेली काही वाक्यं आपल्या मराठीत आहेत. ‘हा काय, निघालोच’, ‘उद्या नक्की देतो’, ‘भाजी अजिबात तिखट नाही’, ‘पुढच्या स्टॉपला गाडी रिकामी होते’ ही त्यातली जुनी आणि मानाची. गेल्या काही वर्षांत या घराण्यात एक नवं अपत्य जन्माला आलं आणि बघता बघता त्यानं थोरल्यांना मागे टाकलं. ते वाक्य म्हणजे ‘झाली कॉपी!’ संगणकाच्या पडद्यावरची हिरवी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली रे गेली, की समोरचा मनुष्य हे दोन शब्द उच्चारतो, पेन ड्राइव्ह दात उपटावा तसा उपटतो आणि आपल्या तळहातावर ठेवतो. प्रसादाला निदान पेढा तरी दिसतो. इथे आत काय आहे हे देणाऱ्याला ठाऊक नसतं आणि घेणारा विचारत नाही.

या दोन शब्दांविरुद्ध मला आज रीतसर भांडायचं आहे.

आधी एक खुलासा. कॉपी म्हणजे परीक्षेतली कॉपी नव्हे. त्या शास्त्रात आपल्याकडे घरटी तज्ज्ञ आहेत आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी सरकारचं कॉपीमुक्त अभियानही आहे. गंमत अशी, की परीक्षेत कॉपी करणारा पोरगा शेजाऱ्याचं उत्तर स्वल्पविरामासकट उतरवतो आणि पुन्हा एकदा ताडून बघतो. तोच पोरगा पुढे संगणकासमोर बसला की त्याची ही सद्‌बुद्धी कुठे जाते कोण जाणे! मला म्हणून ‘कॉपीयुक्त अभियान’ हवं आहे. कॉपी करा, भरपूर करा, पण ती कॉपी असू द्या.

भंडारा जिल्ह्यात तुमसरच्या बाजूला आंबागड नावाचं गाव आहे. गावाशेजारी सातपुड्याच्या डोंगरावर किल्ला आहे. देवगडच्या बख्तबुलंदशहाच्या काळात त्याच्या राजाखान पठाण नावाच्या सरदारानं तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला आणि कैद्यांना आतल्या विहिरीचं विषारी पाणी पाजून मारत, असं सांगतात. माझी मोठी मावशी या गावात दिलेली. त्यामुळे शाळेच्या सुट्ट्यांत आम्ही त्या विहिरीच्या गोष्टी ऐकत ऐकत मावशीच्या हातचं गार पाणी बिनघोर प्यायलो. आता तिथे ‘झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, रिचार्ज, लॅमिनेशन’ अशी पाटी लावलेलं एक दुकान आहे. असं दुकान आता प्रत्येक गावात असतं आणि त्यात एक मुलगाही असतो. मुलगा मोठा गुणी. बोटं अशी चालतात, की पेटी वाजवतोय असं वाटावं. त्याचं ब्रीदवाक्य एकच : ‘‘दोन मिनिटांत टाकून देतो न काकाजी!’’

माझं भांडण त्या मुलाशी नाही, त्या दोन मिनिटांशी आहे.

एकतर या वेगाच्या आकड्यांतच पाणी असतं. पेन ड्राइव्हच्या वेष्टनावर ‘४८०’ असा आकडा छापलेला असतो. ते ४८० मेगाबिट. आपण मोजतो मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे कागदावरच ४८० चे ६० झाले. त्यातून यंत्राचा आपापसातला पत्रव्यवहार वजा जातो आणि जास्तीत जास्त तीस-पस्तीस हातात पडतात. स्वस्तातला पेन ड्राइव्ह असला तर लिहिताना पाचावर येतो. आठ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ पाचाच्या गतीनं उतरायला जवळजवळ सत्तावीस मिनिटं लागतात. आमचा गवळी दुधात पाणी घालतो हे सगळ्या आळीला माहीत आहे, पण चारशे ऐंशीचे पाच करण्याची त्याची अजून हिंमत झालेली नाही.

बरं, तीच आठ जीबी बारक्या बारक्या फोटोंची असेल तर आणखी वेगळं. ही गोष्ट लग्नघरातल्या माणसाला चटकन समजेल. अडीचशे पोती तांदूळ एका ट्रकमधून आणणं सोपं. पण अडीचशे वराती आले, की दारात प्रत्येकाला टिळा, अत्तर, पानसुपारी आणि ‘प्रवास कसा झाला?’ संगणकालाही प्रत्येक फाईलचं स्वागत असंच करावं लागतं. तिचं नाव वहीत लिही, तारीख लिही, आकार लिही, जागा शोध. वर दारात विषाणूरोधक नावाचा एक संशयी सासरा बसलेला असतो, तो प्रत्येकाचे खिसे तपासतो. फाईल केवढीही छोटी असो, मानपान चुकत नाही. म्हणून दहा हजार फोटो द्यायचे तर ते आधी एका झिपच्या गाठोड्यात बांधावेत आणि ते गाठोडं एकदम न्यावं. फोटो आधीच दाबून बसवलेले असतात, त्यामुळे गाठोड्याचं वजन काही कमी होत नाही. पण मानपान एकदाच होतो. सर्व वेग यात आहे. बोटांच्या चपळाईत नाही.

दुकानातल्या मुलाला मात्र हे पटत नाही. त्याची चपळाई अशी, की तो एकाच वेळी चार कॉप्या लावतो. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणाऱ्या सुया सगळ्या एकाच दांड्यावर बसवलेल्या असतात. बाजूबाजूला चार पंगती बसवल्या आणि वाढपी एक, तर काय होईल? पहिल्या पंगतीत मीठ, तिसरीत लिंबू, पुन्हा पहिलीत वरण, आणि दुसरी पंगत हात धुऊन रिकाम्या पानांकडे बघत बसलेली. एकामागून एक जेवायला बसवलं असतं तर चारही पंगती उठून, पान खाऊन झोपी गेल्या असत्या. पण चार पट्ट्या एकदम सरकताना दिसल्या की बघणाऱ्याला काम झाल्यासारखं वाटतं. आपल्याला काम होण्यापेक्षा काम झाल्यासारखं वाटणं जास्त आवडतं. हा संगणकाचा दोष नव्हे, तो आपला जुना राष्ट्रीय गुण आहे.

त्या पट्टीखाली ‘उरलेला वेळ’ म्हणून जे लिहून येतं, त्याविषयी मी जास्त बोलणार नाही. पहिल्यांदा तीन मिनिटं, मग चाळीस मिनिटं, मग दोन तास, मग एकदम अकरा सेकंद, आणि ती अकरा सेकंदं पाऊण तास चालतात. त्या बिचाऱ्याचीही अडचण आहे. आत्ताच्या गतीवरून पुढचा हिशेब मांडायचा आणि पुढे व्हिडिओ येणार की बारक्या फोटोंची वरात येणार, याचा तर पत्ता नाही. एसटीच्या चौकशी खिडकीत बसलेला मनुष्य याहून वेगळं काय करतो? फरक इतकाच, की तो आपल्यावर खेकसतो आणि ही पट्टी गप्प राहते.

आणि एक शेवटची पट्टीपुराणातली कथा. पट्टी भरली म्हणजे माल पोचला, असंही नाही. पुष्कळ संगणक माल आधी स्वतःच्या स्मरणात ओततात, तुम्हाला ‘झालं’ म्हणतात आणि मागच्या दारानं हळूहळू पेन ड्राइव्हवर उतरवत बसतात. म्हणून ‘सुरक्षितपणे काढा’ नावाचं एक बटण दिलेलं आहे. ते आजवर कोणी दाबलेलं मी पाहिलेलं नाही. लिफ्टमधल्या पंख्याच्या बटणापेक्षाही ते नवं कोरं राहिलेलं आहे.

इथवरचं सगळं हसून सोडता येईल. वेळ गेला तर गेला. वेळ ही आपल्याकडची दुर्मिळ वस्तू नव्हे. माझा खरा दावा पुढे आहे आणि तो ‘कट-पेस्ट’ नावाच्या महापातकाविरुद्ध आहे.

कॉपी म्हणजे मूळ जागेवर ठेवून दुसरं उतरवणं. कट म्हणजे मूळ उचलून नेणं. एकाच डिस्कवर, या कप्प्यातून त्या कप्प्यात न्यायचं असेल तर कट करणं अगदी डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच होतं. त्यात कर्तबगारी काही नाही. सातबाऱ्यावर नाव बदललं, शेत जागच्या जागी. पण या डिस्कवरून त्या डिस्कवर कट केलं, की संगणक आधी तिकडे उतरवतो आणि तिकडून ‘पोचलं’ असं उत्तर आलं की इकडचं पुसून टाकतो. सगळा खेळ त्या ‘पोचलं’वर आहे. पोचलं म्हणणारा खोटारडा निघाला तर?

आमच्या झाडीपट्टीत पावसाळ्यात धानाची रोवणी होते. आधी पऱ्हे टाकायचे, ते वाढले की उपटायचे आणि चिखल केलेल्या बांधीत रोवायचे. हे शुद्ध कट-पेस्टच आहे, कबूल. पऱ्हे जागेवर ठेवले तर धान पिकणार नाही. पण एकही शेतकरी असा पाहिला नाही, की ज्यानं घरातलं बियाणं शेवटच्या दाण्यापर्यंत टाकलं आणि पाऊस दगा देणार नाही असं धरून चालला. बियाण्याचं धान निराळं ठेवतात. दुष्काळात भाकरीला महाग होतील, पण त्याला हात लावणार नाहीत. अंगठा उठवणाऱ्या माझ्या मावसआजोबांना जे कळत होतं, ते पदविकेचं प्रमाणपत्र काचेत लावलेल्या मंडळींना कळू नये?

हे मी तावातावानं बोलतोय त्याला कारण आहे. मावशी रोवणीची गाणी म्हणत असे. गुडघाभर चिखलात, वाकलेल्या पाठीनं, पाऊस अंगावर घेत ती सुरू करायची आणि मागची बायांची रांग उचलून धरायची. १९८६ साली दादानं, म्हणजे तिच्या मुलानं, कुठूनसा टेपरेकॉर्डर आणला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, बांधावर छत्री धरून बसला आणि चार कॅसेटी भरल्या. पुढे मावशी गेली. कॅसेटींना बुरशी यायला लागली तेव्हा दादानं तुमसरला जाऊन त्या संगणकावर उतरवून आणल्या. एकंदर ४१ गाणी. मधेच पावसाचा आवाज, बैलाची घंटा, कोणीतरी ‘‘पऱ्हे आना वो!’’ म्हणून ओरडतंय, असा सगळा ऐवज. कॅसेटी मग भंगारात गेल्या. ‘आता काँप्युटरवर आहे न!’

तीन वर्षांपूर्वी तो काँप्युटर धापा टाकू लागला. दादानं बाजारातून एक पेन ड्राइव्ह आणला. दोन टीबीचा, साडेचारशे रुपयांत. इतक्या पैशांत दोन टीबी म्हणजे पाच रुपयांत पैठणी, हे कोणीतरी सांगायला हवं होतं. असले पेन ड्राइव्ह पोटात बत्तीसच जीबी घेऊन जन्मतात आणि वर पाटी लावतात दोन हजारांची. पोट भरलं तरी ‘नको’ म्हणत नाहीत. येईल त्याचं नाव वहीत लिहून घेतात, ‘पोचलं’ म्हणतात आणि माल वाऱ्यावर सोडून देतात. अशा या साधुपुरुषावर दुकानातल्या मुलानं सगळं घर कट-पेस्ट केलं. पट्टी भरली. झाली कॉपी! जुनी डिस्क लगेच पुसून त्यात नवीन विंडोजही टाकून दिलं. कामात मुलगा चोख.

पुढे मावशीच्या तिथीला सगळे जमले होते. दादा म्हणाला, ‘‘मायचं गाणं लावू.’’ पेन ड्राइव्ह लावला. ४१ नावं ओळीनं दिसली. पहिलं लावलं, लागेना. दुसरं लागेना. एकेचाळीसही लागेनात. मुलाला बोलावून आणलं. त्यानं पडद्याकडे बोट दाखवून सांगितलं, ‘‘फाईल तं दिसून राहिली न काकाजी!’’

दादा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘दिसून तं राहिली बाबू. पण गाऊन नाही राहिली.’’

लग्नाचे व्हिडिओ सगळ्यात आधी गेले होते, ते त्या बत्तीस जीबीत सुखरूप बसले. पुतण्याच्या वरातीत नाचणारे, ज्यांची नावं आता आम्हालाही आठवत नाहीत, ते सगळे शाबूत आहेत. गाणी शेवटी गेली होती. नागपूरच्या भाचीच्या फोनमध्ये, तिला कधीतरी पाठवलेली दोन गाणी निघाली. ४१ पैकी दोन. ती दोन आहेत ती केवळ भाचीला फोन साफ करायचा कंटाळा आहे म्हणून. आळसाचे इतके उपकार माझ्यावर दुसऱ्या कशानं झालेले नाहीत.

यावर घाईवाल्यांची बाजू मी ऐकलेली आहे. ते म्हणतात, यंत्र चुकत नाही. बरोबर आहे. यंत्र चुकत नाही, पण त्याला खोटं सांगता येतं, मध्येच उपटता येतं आणि लाइन गेली की ते जागच्या जागी आडवं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइन विचारून जात नाही. ते म्हणतात, इतकं तपासायला वेळ कुणाला आहे? कॉपीची दोन मिनिटं वाचवून हा मनुष्य उरलेला दिवस फोनवर रील बघत असतो, म्हणून या मुद्द्याला मी उत्तर देत नाही. तिसरा मुद्दा जरा शहरी आहे : ‘आमचं सगळं क्लाउडवर असतं.’ आनंद आहे. पण क्लाउडची जुळवणी चालू असेल तर इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, हे तुम्हाला कोणी सांगितलं का? काही दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतं, मग तेही जातं. आरसा म्हणजे दुसरा मनुष्य नव्हे. तुम्ही टक्कल केलं तर आरशातलाही टकला होणार.

आणि व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणजे ठेवलं, असं समजणाऱ्यांना तर मी हात जोडतो. नेहमीच्या रीतीनं पाठवलेला फोटो तिकडे जाताना बारीक होऊन जातो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. आजोबांच्या एकुलत्या एका फोटोच्या बाबतीत एवढी तसदी घ्यायला हरकत नसावी.

आपल्या पूर्वजांची या बाबतीत काय रीत होती पाहा. एकनाथांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरीला जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. उतरवणाऱ्यांनी उतरवता उतरवता इतक्या चुका आणि इतक्या स्वतःच्या ओव्या घातल्या होत्या, की ज्ञानेश्वरांनाच ‘हे कोणाचं?’ असं विचारावं लागलं असतं. १५८४ साली एकनाथांनी निरनिराळ्या प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी, यापुढे कोणी यात आपलं घुसडू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली. सुकथनकरांसारख्या विद्वानांनी आयुष्यं घातली, १२०० हून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली आणि काम संपलं १९६६ साली. महाभारताचं युद्ध अठरा दिवसांत आटोपलं होतं. कॉपीवाल्यांनी जे करून ठेवलं होतं, ते निस्तरायला ४७ वर्षं लागली!

जुने पोथी लिहिणारे तरी प्रामाणिक होते. पोथीच्या शेवटी ते लिहून ठेवत, की पाठ मोडली, मान अवघडली, डोळे गेले, फार कष्टानं हे लिहिलंय, पोराबाळासारखं सांभाळा. आणि पुढे असंही, की समोर जसं दिसलं तसं उतरवलं, चुकलं असेल तर दोष माझा नाही. म्हणजे चूक असू शकते, हे त्यांना मान्य होतं. ‘झाली पोथी!’ असं लिहून कोणी दौत उपडी केली नाही.

पाश्चात्त्यांकडेही हे काम कंटाळलेल्या, पण सोशिक माणसांनीच मार्गी लावलं. पेटंटच्या कामात कागद हातानं उतरवून बोटं दुखायला लागली म्हणून चेस्टर कार्लसननं खटपट केली आणि २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यू यॉर्कच्या अस्टोरिया भागात पहिली कोरडी छायाप्रत निघाली. त्यावर त्यानं लिहिलं काय, तर ती तारीख आणि ते गाव. बाजारात चालेल असं यंत्र यायला १९५९ साल उजाडलं. त्या कंपनीचं नाव झेरॉक्स, जे आपण आता मराठी नाम म्हणून वापरतो. गंमत म्हणजे आपलं ‘कट, कॉपी, पेस्ट’ हेही त्याच झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत, लॅरी टेस्लर आणि त्याच्या सोबत्यांनी १९७० च्या दशकात रुळवलं. हा टेस्लर २०२० साली गेला, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी श्रद्धांजली वाहिली. काहींनी बहुधा एकमेकांवरून.

आता कोणी म्हणेल, नुसती तक्रार काय करता, उपाय सांगा. उपाय आजीबाईच्या बटव्याइतके साधे आहेत. बारीकसारीक असेल ते गाठोड्यात बांधा. एका वेळी एकच पंगत बसवा. मोठं स्थलांतर असेल तर विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाचा एक दणकट गडी फुकट मिळतो. मध्येच लाइन गेली तरी तो पुन्हा पहिल्यापासून रडत बसत नाही, उरलेल्यापासून सुरू करतो. तिकडे ऑस्ट्रेलियात ट्रिजेल आणि मॅकेरस या दोघांनी १९९६ साली आरसिंक नावाचा गडी तयार केला, तो तर दुसऱ्या खेपेला फक्त बदललेलं तेवढंच नेतो. नव्या सुनेसारखा रोज सगळं घर उपसून मांडत नाही. खरा वेग म्हणतात तो हा.

आणि मग शेवटी तपासा. दोन्हीकडच्या फाईलींची अंकी खूण काढून ताडायची सोय संगणकात असते. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाच्या आज्ञेनं हे करता येतं. एका अक्षराचा फरक असला तरी खूण बदलते. एकनाथांना ही सोय असती तर बिचाऱ्यांची दृष्टी वाचली असती. तेही अवघड वाटत असेल, तर पेन ड्राइव्ह काढा, पुन्हा लावा आणि पहिली, मधली आणि शेवटची फाईल उघडून बघा. शेवटची विसरू नका. भात शिजला की नाही हे शितावरून कळतं, पण त्यासाठी झाकण काढावं लागतं. मूळ मात्र लगेच पुसू नका. महिनाभर राहू द्या. जागा अडते म्हणता? माणसांनी अडवलेल्या जागेपुढे ती काहीच नाही.

माझी मागणी एवढीच आहे. पूर्वी कागदाच्या नकलेवर ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून साहेबाची सही घ्यायला लागायची. त्या सहीसाठी आम्ही साहेबाच्या दारात तासन्‌ तास उभे राहिलो आणि त्याला मनातून शिव्या दिल्या. आता आपली सही आपणच करायची सोय झाली आहे, ठीकच आहे. पण त्या शिक्क्यामागे एक साधी गोष्ट होती : कोणीतरी मूळ आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवून बघत असे. निदान बघितल्यासारखं करत असे. तेवढं तरी परत आणा. दुकानांच्या पाट्यांवर ‘दोन मिनिटांत’ लिहिण्याऐवजी ‘उघडून दाखवू, मग पैसे घेऊ’ असं लिहा. अशा दुकानात मी दोन मिनिटांच्या कामासाठी दोन तास बसायला तयार आहे. वर चहाही पाजीन.

हा लेख कोणीतरी माझं नाव गाळून आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ढकलणार, याची मला खात्री आहे. त्याला माझी ना नाही, नाव काय, आज आहे उद्या नाही. फक्त पुढे ढकलण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत उघडून बघा म्हणजे झालं. आणि कृपा करून कट करू नका.